रसदेचा हिशेब: नेरळ, माथेरान आणि अंतराळ वसाहतीचे खेळ

संगणकावरील ज्या खेळांत परग्रहावर किंवा अंतराळातील एखाद्या खडकावर माणसांची लहानशी वस्ती वसवून ती जगवायची असते, त्यांना वसाहत-व्यवस्थापनाचे खेळ म्हणतात. शत्रूला मारणे किंवा शर्यत जिंकणे हे या खेळांत मुख्य काम नसते. हवा, पाणी, अन्न, ऊर्जा आणि निवारा यांचा साठा किती, रोजचा खर्च किती आणि भर किती, याचा मेळ घालत राहणे हेच खेळाडूचे काम असते, आणि हा मेळ चुकला की वस्ती मरते. जी वस्ती आपल्या जागेवर आपले पोट भरू शकत नाही तिला बाहेरून जे पोचवावे लागते, त्याला मराठीत रसद हा जुना लष्करी शब्द आहे. ग्रह, घुमट आणि अग्निबाण यांची सजावट बाजूला ठेवली, तर या खेळांचा विषय रसद हाच उरतो.

रायगड जिल्ह्याच्या कर्जत तालुक्यातील नेरळ हे गाव या विषयापासून दूरचे वाटण्याचा संभव आहे. परंतु नेरळच्या माथ्यावर, समुद्रसपाटीपासून सुमारे आठशे मीटर उंचीवर, माथेरान ही वस्ती १८५० नंतर जवळजवळ याच रीतीने उभी राहिली. वर शेतीजोगी जमीन बेताची, पाऊस उदंड पण उन्हाळ्यात पाण्याची वानवा, चढण्याची वाट अवघड, आणि राहणाऱ्यांची प्रत्येक गरज खालून भागवायची, अशी ती स्थिती होती. माथेरानचा इतिहास बहुधा तेथील पॉइंट, बंगले आणि छोटी रेल्वे यांच्या अंगाने लिहिला जातो आणि त्यात नेरळला पायथ्याचे स्थानक एवढेच स्थान मिळते. प्रस्तुत लेखात हा क्रम उलटा करून, डोंगरावरची वस्ती पायथ्यावरून कशी जगवली गेली हे पाहिले आहे, आणि अंतराळ वसाहतीच्या खेळांत मांडलेला हिशेब कोठे पुरा आहे व कोठे अपुरा आहे, याचा शोध त्या इतिहासाच्या आधारे घेतला आहे.

हिशेबाच्या खेळाची वंशावळ

या खेळप्रकाराचा आरंभ शाळेच्या वर्गात झाला. अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यात मेबल ॲडिस या शिक्षिकेने आयबीएम कंपनीतील विल्यम मॅके यांच्या सहकार्याने १९६४ मध्ये ‘द सुमेरियन गेम’ तयार केला. सहावीच्या विद्यार्थ्याने प्राचीन सुमेरमधील लगाश नगराचा राजा व्हावे आणि पिकलेल्या धान्यातून खाण्यासाठी किती, बियाण्यासाठी किती व कोठारात किती ठेवायचे हे ठरवावे, अशी त्याची रचना होती. त्याच धर्तीवर डग डायमेंट यांनी १९६८ मध्ये लिहिलेला एक छोटा प्रोग्रॅम पुढे ‘हमुराबी’ या नावाने ओळखला गेला आणि डेव्हिड आल यांच्या १९७३ च्या संगणक-खेळांच्या पुस्तकामुळे तो दूरवर पोचला. त्यात राज्यकारभाराची मुदत दहा वर्षांची असते आणि प्रत्येक माणसाला वर्षाला २० बुशेल धान्य लागते. बुशेल हे आपल्या पायलीसारखे धान्य मापण्याचे, पण आकाराने बरेच मोठे माप आहे. उंदीर कोठार पोखरतात, साथ आली की निम्मी प्रजा जाते, आणि फार माणसे उपाशी मेली तर राजाला पदच्युत केले जाते. चित्र नाही, रंग नाही, केवळ आकडे. तरीही पुढच्या सर्व वसाहत-खेळांचा सांगाडा या आकड्यांत तयार झाला होता.

हा सांगाडा परग्रहावर नेण्याचे महत्त्वाचे काम १९८३ मध्ये ‘एम.यू.एल.ई.’ या खेळाने केले. डॅनी बंटन यांच्या ओझार्क सॉफ्टस्केप या गटाने तो रचला आणि इलेक्ट्रॉनिक आर्ट्स या कंपनीने तो प्रसिद्ध केला. इराटा नावाच्या ग्रहावर चार वसाहतकार जमिनीचे तुकडे घेतात, त्यांवर अन्न, ऊर्जा आणि खनिज यांचे उत्पादन करतात आणि फेरी संपली की बाजारात एकमेकांशी सौदा करतात. अन्न कमी पडले तर खेळाडूला पुढच्या फेरीत काम करायला वेळ कमी मिळतो आणि ऊर्जा कमी पडली तर यंत्रे थांबतात, त्यामुळे एकाने साठेबाजी केली तर सगळी वसाहतच दुबळी होते. खेळाचे नाव जमिनीवर बसवायच्या ज्या बहुउपयोगी यंत्रावरून पडले, त्याच्या आद्याक्षरांचा इंग्रजी उच्चार ‘म्यूल’, म्हणजे खेचर, असा होतो. ओझे वाहणाऱ्या जनावराचे नाव यंत्राला देऊन, वसाहत वाहून आणणाऱ्यावर उभी असते हे सत्य या खेळाने निदान नावापुरते जपले.

त्यानंतर १९८९ मध्ये विल राइट यांच्या ‘सिमसिटी’ने नगररचना हा घरोघरच्या संगणकावरचा खेळ केला. सिम्युलेशन म्हणजे एखाद्या खऱ्या व्यवस्थेचे नियम काढून त्यांवर चालवलेली तिची प्रतिकृती; या प्रकारात खेळाडू राज्य जिंकत नाही, तर व्यवस्था चालवतो आणि तिचे परिणाम पाहतो. १९९४ च्या ‘आउटपोस्ट’मध्ये पृथ्वीचा नाश झाल्यावर दूरच्या ग्रहावर वसाहत उभारण्याची कल्पना होती. २००६ मध्ये टार्न आणि झॅक ॲडम्स या भावांनी प्रसिद्ध केलेल्या ‘ड्वार्फ फोर्ट्रेस’ने प्रत्येक रहिवाशाला स्वतःचा स्वभाव, आठवणी आणि दुःखे दिली, आणि तेव्हापासून वस्तीची लोकसंख्या हा केवळ आकडा राहिला नाही. टायनन सिल्वेस्टर यांचा ‘रिमवर्ल्ड’ हा २०१३ पासून घडत गेलेला आणि २०१८ मध्ये पूर्णरूपाने प्रसिद्ध झालेला खेळ त्याच वाटेने जातो: यान कोसळून वाचलेली तीन माणसे अनोळखी ग्रहावर उतरतात आणि कोणी स्वयंपाक करायचा, कोणी शेती, कोणी जखमींची शुश्रूषा, हे खेळाडूने नेमून द्यायचे असते. कॅनडातील क्लेई एंटरटेनमेंटच्या ‘ऑक्सिजन नॉट इन्क्लुडेड’ या २०१९ च्या खेळात अशीच तीन माणसे एका लघुग्रहाच्या पोटात अडकलेली असतात. तेथे श्वास हाही खर्चाच्या रकान्यात येतो, उच्छ्वासातला जड कार्बन डायऑक्साइड खालच्या खड्ड्यांत साचतो आणि तो कोठे मुरवायचा याचा विचार पहिल्या दिवसापासून करावा लागतो.

बल्गेरियातील हेमिमॉन्ट गेम्सने मार्च २०१८ मध्ये आणलेला ‘सर्व्हायव्हिंग मार्स’ हा खेळ प्रस्तुत चर्चेला सर्वांत जवळचा आहे, कारण त्यात माणसे उशिरा येतात. पहिल्या अग्निबाणातून स्वयंचलित यंत्रे उतरतात, ती मातीतून काँक्रीट काढतात, विरळ हवेतून पाणी आणि प्राणवायू मिळवतात, वीज उभारतात, आणि हे सर्व सुरळीत झाल्यावरच घुमटात पहिले रहिवासी येतात. ते काही काळ तगले तरच पुढच्यांना बोलावता येते. प्रत्येक यंत्र झिजते, दुरुस्तीचे सुटे भाग संपतात, आणि ते तयार करण्याची सोय होईपर्यंत पृथ्वीवरून येणाऱ्या अग्निबाणाची वाट पाहावी लागते. धुळीचे वादळ आले की अग्निबाणाला उतरता येत नाही आणि तेव्हा जे कोठारात असेल तेवढ्यावर भागवावे लागते.

गडाची शिस्त

वस्तीचा हिशेब हा विषय मराठी परंपरेला नवा नाही. रामचंद्रपंत अमात्य यांच्या नावाने ओळखले जाणारे, अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकातले ‘आज्ञापत्र’ दुर्गांविषयी जे सांगते, ते वेढा पडलेल्या वस्तीच्या व्यवस्थेचे शास्त्रच आहे. गड बांधण्यापूर्वी जागेवर पाणी आहे की नाही हे पाहावे. पाणी नाही आणि जागा तर सोडता येत नाही, अशी वेळ आली तर खडक फोडून टाकी करावीत. एक झरा पुरेसा वाटला तरी त्यावर विसंबून राहू नये, कारण लढाईच्या दिवसांत झरे आटतात आणि पाण्याचा खर्च मात्र वाढतो, म्हणून राखीव साठ्याचे पाणी वेगळे ठेवावे, असा त्याचा आशय आहे. गडावरचा केरकचरा खाली न टाकता जाळावा आणि त्याची राख परसात टाकून घरोघरी भाजीपाला करावा, असेही त्यात सांगितले आहे. जे टाकाऊ ते पुन्हा वापरात आणायचे आणि बाहेरची गरज तेवढ्याने कमी करायची, हा अंतराळ वसाहतीतला मूलभूत नियम तीनशे वर्षांपूर्वी गडाच्या कारभाराचा भाग होता. कारभारही वाटून दिलेला असे: हवालदार हा गडाचा मुख्य, सबनीस हा हजेरी आणि हिशेबाचा अधिकारी, तर कारखानीस हा कोठाराचा आणि सामानाचा. आजच्या खेळांत पडद्याच्या कडेला साठ्याचे जे आकडे सतत दिसतात, ते काम गडावर या दोन लेखनिकांच्या वह्यांत होत असे.

या शिस्तीचे अवशेष नेरळच्या परिसरात पाहता येतात. नेरळ आणि माथेरान यांच्यामध्ये उभा असलेला पेब, म्हणजेच विकटगड, त्याच्या गुहांमुळे आणि पाण्याच्या टाक्यांमुळे ओळखला जातो, आणि त्या गुहांत शिवकाळात धान्य साठवले जाई अशी परंपरागत समजूत आहे. कर्जत तालुक्यातच पेठजवळचा कोथळीगड आहे, ज्याच्या सुळक्याच्या पोटात कोरीव गुहा आणि वर जाणाऱ्या खोदीव पायऱ्या आहेत. गडाची अंगकाठी लहान असली तरी पाणी आणि कोठार यांवाचून तो गड होत नाही, हे या दोन्ही ठिकाणी स्पष्ट दिसते.

हीच दृष्टी मुलांच्या खेळात उतरली आहे. दिवाळीत अंगणात मातीचा किल्ला करण्याची चाल महाराष्ट्रात सर्वत्र आहे. दगड रचून त्यावर गोणपाट आणि चिखल लिंपायचा, हळीव किंवा मोहरी पेरून त्यावर हिरवळ उगवू द्यायची, माथ्यावर सिंहासन, उतारावर मावळे आणि पायथ्याशी विहीर, शेत, झोपड्या व बाजार मांडायचा, अशी त्याची ठरलेली रचना असते. या किल्ल्यात पायथ्याचे गाव कधी वगळले जात नाही. भातुकलीतही चूल, पाणी, धान्य आणि पंगत यांचा मेळ घालण्याचीच तालीम असते. मराठी मुलाला वसाहत चालवण्याचा खेळ संगणकाने प्रथम शिकवला असे म्हणता येत नाही; संगणकाने त्या खेळाला आकड्यांची काटेकोर शिस्त आणली, आणि पायथ्याचे गाव मात्र वगळले.

चौक ते नेरळ: तळ बदलला

माथेरानच्या वसाहतीची सुरुवात खालापूर तालुक्यातील चौक या गावापासून झाली. मुंबईहून पनवेल, चौक, खोपोली आणि बोरघाट असा पुण्याचा रस्ता होता, आणि त्या वाटेवर मुक्कामाला असलेले ठाण्याचे कलेक्टर ह्यू पॉइंट्झ मॅलेट मे १८५० मध्ये चौकच्या बाजूने डोंगरावर चढले. त्यांनीच वर बांधलेले ‘द बाइक’ हे माथेरानवरील पहिले बंगलेवजा घर मानले जाते. गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन यांनी १८५५ मध्ये डोंगराला भेट दिल्यानंतर सरकारी आश्रय मिळाला आणि मुंबईतील युरोपीय व पारशी कुटुंबांनी तेथे बंगले बांधण्यास सुरुवात केली.

याच सुमारास रसदेची वाट बदलली. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे १८५३ मध्ये ठाण्यापर्यंत आणि १८५४ मध्ये कल्याणपर्यंत पोचली होती. १८५६ मध्ये ती पळसदरीमार्गे खोपोलीकडे वाढली आणि नेरळ हे तिच्यावरचे स्थानक झाले. मुंबईहून काही तासांत डोंगराच्या पायथ्याशी येता येऊ लागल्यावर चौकची वाट मागे पडून नेरळ हा माथेरानचा तळ झाला. डोंगर तोच राहिला, वस्ती तीच राहिली, पण तिची दोरी खालापुराच्या हातून कर्जतच्या हाती आली. जेथे सामान उतरते ती जागा वस्तीचे भवितव्य ठरवते, ही गोष्ट अंतराळ वसाहतीच्या खेळातला प्रत्येक सावध खेळाडू जाणतो, आणि अग्निबाण कोठे उतरवायचा याचा विचार घर कोठे बांधायचे याच्या आधी करतो.

पाण्याचा प्रश्न डोंगराच्या घडणीतच होता. माथेरानच्या माथ्यावर जांभ्या दगडाचा थर आहे. जांभा सच्छिद्र असल्यामुळे मुसळधार पावसाचे पाणी तो झपाट्याने पितो, खालच्या काळ्या कातळाशी ते अडते आणि डोंगराच्या कडांना झऱ्यांच्या रूपाने बाहेर पडते. त्यामुळे पावसाळ्यात डोंगर धबधब्यांनी वेढलेला असतो आणि वैशाखात झरे बारीक होतात. आणि युरोपीय रहिवासी वर येत ते नेमके उन्हाळ्यात. पाणी सर्वांत कमी असताना माणसे सर्वांत जास्त, हा पेच सोडवण्यासाठी पिसारनाथाच्या देवळाजवळचे पाणी बांध घालून अडवले गेले आणि शार्लोट तलाव झाला, जो पुढे गावाच्या पिण्याच्या पाण्याचा मुख्य आधार ठरला. सुरुवातीच्या काळात या वस्तीचा कारभार सरकारने नेमलेला अधीक्षक पाही, आणि १९०५ मध्ये माथेरानला नगरपालिका मिळाली.

पाण्याव्यतिरिक्त बाकी सर्व खालून येई. नेरळहून वर जाणारी वाट सुमारे साडेसातशे मीटर चढते, आणि रेल्वे होण्यापूर्वीची पन्नास वर्षे त्या वाटेवरून धान्य, भाजी, मांस, फर्निचर, खिडक्यांच्या काचा आणि खुद्द माणसेही घोड्यांच्या पाठीवर, पालखीत किंवा हमालांच्या डोक्याखांद्यांवर वर जात होती. मुंबईतील उद्योजक सर आदमजी पीरभॉय यांच्या भांडवलावर त्यांचे पुत्र अब्दुल हुसेन यांनी १९०४ ते १९०७ या काळात दोन फुटी रुळांची छोटी रेल्वे बांधली, तिला सुमारे १६ लाख रुपये खर्च आला, आणि २२ मार्च १९०७ रोजी ती सुरू झाली. वीस फूट पुढे गेले की एक फूट वर, यापेक्षा उभा चढ गाडीला झेपणार नसल्यामुळे साडेसातशे मीटर उंची गाठायला किमान पंधरा किलोमीटर लांबी लागतेच. म्हणूनच हा मार्ग डोंगराच्या अंगावर वळसे घेत सुमारे वीस किलोमीटर फिरतो आणि जुम्मापट्टी, वॉटर पाइप व अमन लॉज ही स्थानके घेत वर पोचतो.

या मार्गाचा वैरी पाऊस आहे. दरडीच्या भीतीने पावसाळ्यात नेरळहून जाणारी गाडी बंद ठेवली जाते. २६ जुलै २००५ च्या अतिवृष्टीत रूळमार्ग इतका उद्ध्वस्त झाला की पुन्हा गाडी सुरू व्हायला २००७ उजाडले, आणि २०१९ च्या पावसाने झालेल्या नुकसानीनंतर पूर्ण मार्ग ऑक्टोबर २०२२ मध्ये खुला झाला. कोकणात पावसाळ्यापूर्वी तांदूळ, मीठ, सुकी मासळी आणि सरपण भरून ठेवण्याला आगोटीची बेगमी म्हणतात. ‘सर्व्हायव्हिंग मार्स’मध्ये धुळीच्या वादळापूर्वी खेळाडू जे करतो ती हीच बेगमी आहे.

रिकामी जमीन आणि भरलेले कोठार

वसाहतीच्या खेळांत जमीन बहुधा रिकामी असते. मंगळावर कोणी राहत नाही, लघुग्रहावर कोणाचे शेत नाही, त्यामुळे वस्ती वसवणे हे निर्मळ काम राहते. माथेरानची कथाही दीर्घकाळ अशाच रीतीने सांगितली गेली, की मॅलेट यांनी डोंगर ‘शोधला’. वस्तुतः डोंगराच्या माथ्यावर आणि उतारांवर धनगर, ठाकूर आणि कातकरी यांचा वावर आधीपासून होता. धनगरांची गुरे तेथे चरत, कातकरी खैरापासून काथ करत आणि ठाकूर रानातून उपजीविका मिळवत; पिसारनाथ हे देवस्थान या स्थानिकांचेच. मराठीत वसाहत हा शब्द ‘औद्योगिक वसाहत’, ‘पोलीस वसाहत’ यांसारख्या साध्या वस्तीलाही लागतो आणि वसाहतवादाच्या मुळाशीही तोच आहे. माथेरानच्या बाबतीत हे दोन्ही अर्थ एकाच डोंगरावर नांदले: एकाच्या वस्तीसाठी दुसऱ्याचे रान राखीव झाले, आणि त्या रानातला माणूस नव्या वस्तीचा हमाल किंवा पाणक्या झाला.

या डोंगराने त्या व्यवस्थेला उत्तर देणारा माणूसही दिला. विठ्ठल लक्ष्मण कोतवाल, म्हणजेच वीर भाई कोतवाल, १ डिसेंबर १९१२ रोजी माथेरानमध्ये एका नाभिक कुटुंबात जन्मले, वकील झाले आणि माथेरान नगरपालिकेचे उपाध्यक्षही झाले. पावसाळ्यात घरातले धान्य संपल्यावर खाण्यासाठी जे धान्य उसने घ्यावे लागते त्याला खावटी म्हणतात. सावकार ती देत आणि सुगीला दीडपटीने वसूल करत, त्यामुळे शेतकरी आणि आदिवासी यांचे पुढच्या वर्षाचे पीकही आधीच गहाण पडे. कोतवालांनी कर्जत भागात धान्याच्या पेढ्या काढल्या, जेथे गावकऱ्यांनी सुगीत धान्य ठेवायचे आणि गरजेला घ्यायचे. ‘हमुराबी’पासूनच्या सगळ्या खेळांत कोठार असते आणि किती साठवायचे हा प्रश्न असतो, कोतवालांच्या धान्यपेढीने त्याआधीचा प्रश्न विचारला, की कोठाराची किल्ली कोणाच्या हाती.

ऊर्जेच्या बाबतीतही हा प्रदेश दुसऱ्याच्या वस्तीचा पायथा होता. घाटमाथ्यावरच्या तलावांचे पाणी खाली आणून वीज निर्माण करण्याची टाटांची केंद्रे खोपोली येथे १९१५ मध्ये आणि भिवपुरी येथे १९२२ मध्ये सुरू झाली, आणि खालापूर व कर्जत तालुक्यांतून तारांच्या मनोऱ्यांवरून ती वीज मुंबईच्या गिरण्यांना जाऊ लागली. १९४२ च्या चळवळीत कोतवालांच्या ‘आझाद दस्ता’ या गटाने हेच मनोरे पाडून मुंबईचा वीजपुरवठा तोडण्याचे काम हाती घेतले. रसद कोणत्या वाटेने जाते हे ज्यांना ठाऊक होते, त्यांनाच ती कोठे तोडली की सत्तेला झळ पोचेल हेही ठाऊक होते. २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडच्या जंगलात पोलिसांच्या गोळीबारात भाई कोतवाल आणि हिराजी पाटील यांना वीरमरण आले.

बंद चक्राचे स्वप्न

अंतराळ वसाहतीचे अंतिम ध्येय रसदेपासून मुक्त होणे हे असते. श्वासातला वायू वनस्पतींना, सांडपाणी पुन्हा पिण्याला आणि मळ खताला, अशी जी व्यवस्था बाहेरून काहीच न घेता फिरत राहते तिला बंद चक्र म्हणतात. खेळात कुशल खेळाडू तिच्या जवळ जाऊ शकतो. वास्तवात ती किती कठीण आहे हे अमेरिकेतील ॲरिझोना राज्यातल्या ‘बायोस्फिअर २’ या काचेच्या बंदिस्त इमारतीत दिसून आले. १९९१ ते १९९३ या दोन वर्षांत आठ माणसे तेथे राहिली. हवेतील प्राणवायूचे प्रमाण सुमारे २१ टक्क्यांवरून साडेचौदा टक्क्यांच्या आसपास उतरले आणि अखेर बाहेरून प्राणवायू सोडावा लागला. मातीतील सूक्ष्मजीव प्राणवायू घेऊन कार्बन डायऑक्साइड सोडत होते आणि त्यातला बराचसा इमारतीच्या काँक्रीटने शोषून घेतला, म्हणून तो वनस्पतींपर्यंत पोचला नाही आणि चक्र तेथेच तुटले. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर सुमारे ९८ टक्के पाणी पुन्हा वापरात आणता येते असे नासाने २०२३ मध्ये जाहीर केले, तरी तेथील अन्न, सुटे भाग आणि माणसे आजही पृथ्वीवरूनच जातात.

माथेराननेही स्वतःपुरते चक्र बंद करण्याचा मार्ग कधी धरला नाही. त्याऐवजी त्याने आपली गती मर्यादित ठेवली. मोटारगाड्यांना वर प्रवेश नाही, त्या दस्तुरी नाक्यापाशी थांबतात, आणि ४ फेब्रुवारी २००३ रोजी केंद्र सरकारने माथेरान व त्याचा परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून जाहीर केल्यापासून या बंधनाला कायद्याचा भक्कम आधार मिळाला. रान राखण्यासाठी हे बंधन अत्यंत मोलाचे ठरले, परंतु त्याचा भार घोडेवाल्यांनी, हमालांनी आणि हातरिक्षा ओढणाऱ्यांनी उचलला. नाक्यापासून गावापर्यंत गॅसच्या टाक्या, सिमेंटच्या गोणी, पर्यटकांचे सामान आणि आजारी माणसे यांची ने-आण एक शतकाहून अधिक काळ अंगमेहनतीने होत राहिली. सर्वोच्च न्यायालयाच्या परवानगीने डिसेंबर २०२२ मध्ये प्रायोगिक तत्त्वावर ई-रिक्षा आल्या, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये त्याच न्यायालयाने माणसाने माणसाला ओढण्याची ही प्रथा मानवी प्रतिष्ठेशी विसंगत ठरवून सहा महिन्यांत बंद करण्याचा आणि रिक्षा ओढणाऱ्यांचे पुनर्वसन करण्याचा आदेश दिला.

या आदेशाचे महत्त्व केवळ वाहतुकीपुरते नाही. वसाहतीच्या खेळांत ओझे वाहण्याचे काम ‘एम.यू.एल.ई.’पासून ‘सर्व्हायव्हिंग मार्स’पर्यंत यंत्रांकडे आहे, आणि जेथे ते रहिवाशांकडे आहे तेथेही ते सर्वांत खालच्या प्राधान्याचे काम म्हणून यादीत असते. पडद्यावर हवा, पाणी, अन्न आणि वीज यांचे आकडे ओळीने दिसतात. ते वर कोणी आणले याचा रकाना नसतो. माथेरानच्या हिशेबातही तो जवळजवळ पावणेदोनशे वर्षे नव्हता, आणि तो आता न्यायालयाच्या आदेशाने उघडावा लागला. अंतराळ वसाहतीचा खेळ माणसाला साठा आणि खर्च यांचा विचार करायला शिकवतो, ही त्याची थोरवी खरीच आहे. नेरळच्या इतिहासाची साथ मिळाली तर तो खेळाडू वाहणाऱ्याचाही विचार करू लागेल, आणि उद्या खरोखर दुसऱ्या ग्रहावर वस्ती करण्याची वेळ आली तर तिच्या पायथ्याचा हिशेब आधी मांडेल.

एके काळी वरच भागणारी माथेरानची पाण्याची गरजही आज पायथ्यावरून भागवली जाते. शार्लोट तलाव पुरेनासा झाल्यावर उल्हास नदीचे पाणी नेरळकडून पंपाने टप्प्याटप्प्याने डोंगरावर चढवले जाऊ लागले. ही नदी उन्हाळ्यात वाहती राहते ती मुख्यतः भिवपुरीच्या वीजकेंद्रातून सोडलेल्या पाण्यामुळे. म्हणजे घाटमाथ्यावरच्या तलावात साठलेले पाणी मुंबईसाठी वीज निर्माण करून कर्जतच्या खोऱ्यात उतरते, नेरळपाशी उपसले जाते आणि समोरच्या डोंगरावर पुन्हा चढते. वैशाखात माथेरानच्या नळाला जे पाणी येते, ते अशा रीतीने पायथ्याच्या नेरळहून वर आलेले असते.